चिकटा

सकाळी मोगऱ्याला पाणी घालताना सत्यभामाचं बोट एका पानाला लागलं आणि चिकटलं. तिनं बोट अंगठ्यावर घासून पाहिलं. गुळाच्या पाकाचा हात धुवायचा राहून जावा, तसं काहीतरी. तांब्या खाली ठेवून तिनं ते पान उलटं केलं. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना कापसाचे बारीक पुंजके बसले होते, कुणी ओळीनं मांडून ठेवल्यासारखे. एक पुंजका तिनं नखानं दाबला. तो फुटला, ओला झाला आणि नखावर पिवळसर डाग ठेवून गेला. मग तिनं दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. फांद्यांच्या बेचक्यांत तर पीठ सांडल्यागत पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यातून काळ्या मुंग्या सावकाश, घरच्यासारख्या, वर-खाली करत होत्या. तिच्या अंगावर काटा आला. रोज ती या झाडाला पाणी घालत होती. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, उन्हाळ्यात आड आटला की स्वतःच्या आंघोळीतलं वाचवलेलं अर्धी घागर पाणी. रोज घालत होती आणि रोज बघत नव्हती. बघितलं असतं तर हे असं फांदीफांदीला पोचलं नसतं. कधीपासून? शाळेला सुट्टी लागायच्या आधीपासून? परीक्षेचे पेपर मांडीवर घेऊन ती याच कठड्याला टेकून बसत होती, तेव्हा हे इथं हातभर अंतरावर चाललं होतं, मुकाट्यानं.

मोगरा तिचा नव्हता. तसं पाहिलं तर त्या माळवदावरचं काहीच तिचं नव्हतं. खालचं घर उमाबाईंचं, वरची खोली भाड्याची, खोलीपुढचं माळवद सगळ्यांचं, म्हणजे पापड-कुरडया वाळवण्यापुरतं उमाबाईंचं आणि बाकी वेळ उन्हाचं. मुलींच्या सरकारी शाळेत मास्तरीण म्हणून लागली तेव्हा सत्यभामा या खोलीत राहायला आली. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं होतं, भावानं शिकवलं म्हणून ती शिकली होती, आणि शिकली ती उर्दूतून, कारण तेव्हा इथं शिकायचं तर उर्दूतूनच शिकावं लागे. माळवदाला लागून पलीकडच्या घराचं माळवद होतं आणि मध्ये कमरेइतका कठडा. कठड्यापलीकडे रजिया होती. हैदरभाईंची बायको. हैदरभाई करोडगिरी नाक्यावर कारकून होते. सोलापूरकडून येणाऱ्या मालावर निजामाची जकात घ्यायची, पावती फाडायची, संध्याकाळी घरी येऊन पाय धुवायचे, असा साधा सरळ माणूस. रजियाला वाचता येत नव्हतं आणि सत्यभामाला बोलायला कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी रजियानं कठड्यावरून विचारलं होतं, "क्या गे, एकटीच राहतीस? भीती न्हाई वाटत?" आणि सत्यभामाला आपण एकटे आहोत हे त्या प्रश्नानंतर पहिल्यांदा कळल्यासारखं झालं होतं, कारण त्या आधी कुणी विचारलंच नव्हतं. पुढं रजिया दुपारची कठडा ओलांडून या खोलीत येऊन पडायची.

मग पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. गल्लीतली दारं आतून लावलेली असायची आणि माळवदावर कुणी येत नसे. एकदा फक्त, दिवेलागणीला, कठड्याखाली बसून, एकमेकींना न दिसता, दोघी किती तरी वेळ नुसत्या बसून राहिल्या होत्या. रजियाच्या बांगड्यांचा अधूनमधून आवाज यायचा, तेवढ्यावरून सत्यभामाला ती आहे हे कळत होतं. पुढं सगळं निवळलं. पण राज्यच उरलं नाही तिथं जकात कसली. नाका उठला. हैदरभाईंचे एक चुलते हैदराबादेत होते, त्यांनी बोलावून घेतलं. निघायच्या सकाळी रजिया बुरखा घालून कठड्यापाशी आली. बुरख्यात तिला सत्यभामानं कधी पाहिलं नव्हतं. माळवदावर ती उघड्या डोक्यानं, पदर खोचून वावरायची. रॉकेलचा डबा, त्यात मोगरा, दोन्ही हातांनी उचलून तिनं कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "पाणी घाल गे. येते मी." इतकंच. येते. आता या शब्दाचं काय करायचं? उंबरा ओलांडताना जाते असं कुणी म्हणत नाही, सगळे येते असंच म्हणतात. बहिणीच्या घरून उठताना, बाजारात गाठ पडून वाटा वेगळ्या होताना. पण तिनं ते खरंच म्हटलं असेल तर? सत्यभामानं शाळेत कैक मुलींना भविष्यकाळ शिकवला, आधी उर्दूतून आणि पुढं शाळेची भाषा बदलली तसा मराठीतून. पण या एका क्रियापदाचा काळ तिला नक्की सांगता आला नव्हता. डबा तिनं उचलून अलीकडे घेतला. गंजून तो दोनदा बदलला. मोगरा तोच होता.

"तंबाकूचं पाणी घाल," उमाबाई जिना चढून वर येत म्हणाल्या. सुपातले पापड पसरून त्या वाकल्या, डोळे बारीक करून त्यांनी फांदी निरखली आणि हात साडीला पुसला. "चिकटा हाय ह्यो. आमच्या लिंबोणीवर आला व्हता. तंबाकू उकळायची, गार करायची, शिंपडायची. न्हाईतर राख." सत्यभामानं दोन्ही केलं. तंबाखूच्या वासानं खोली भरली, डोकं चढलं, आणि रात्रीच्या भाकरीलाही तोच वास लागला. धुण्याचा साबण किसून त्याचं पाणी केलं. खराट्याच्या हिराला कापूस गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून, एकेक पुंजका टिपून काढला. पान डाव्या हाताच्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हातानं टिपायचं, जसं लहान पोराच्या कानातला मळ काढतात. तिला पोर नव्हतं, पण हातांना ते ठाऊक असल्यासारखे ते चालत होते. मुंग्या चढू नयेत म्हणून तिनं परातीत तीन दगड मांडून त्यांवर डबा ठेवला आणि परातीत पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर एक फांदी कठड्याला टेकलेली आणि मुंग्या त्या पुलावरून निवांत ये-जा करत होत्या. ती फांदी तिनं सुतळीनं आत ओढून बांधली. पांढरं कमी झाल्यासारखं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी कोवळ्या शेंड्यांवर पुन्हा दिसायचं. कळ्या येत होत्या, पण उमलायच्या आधीच तांबूस पडून गळत होत्या. सकाळी डब्याभोवती त्या पडलेल्या असत, आणि त्यांना वास नसे.

याच दिवसांत गफार भेटला. गफार हा रजियाचा धाकटा भाऊ. तो इथंच राहिला होता, चौकात त्याचं कापडाचं दुकान होतं. सत्यभामा पांढऱ्या जाड्याभरड्या कापडासाठी दुकानावर गेली की तो न विचारता बहिणीची खुशाली सांगायचा. सगळं खैरियत आहे, दुलाभाईंची, म्हणजे हैदरभाईंची, तब्येत जरा नरम आहे, पोरगा कामाला लागला. दर वेळी तेच, आणि दर वेळी तिला तेवढंही पुरायचं, घरी परत येईपर्यंत. या वेळी कापड फाडता फाडता तो म्हणाला, "बाई, आपा येणार हाय. माझ्या पोरीचं लगीन हाय ना. लगीन झालं की दुसऱ्या दिवशी सांजच्या गाडीनं परत. तुमच्याकडं यायचंच म्हणती." सत्यभामानं बरं म्हटलं. कापड घेतलं. चौक ओलांडला, शाळेची वाट धरली आणि शाळा बंद आहे हे बंद फाटक पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं. तिथंच, कडुनिंबाच्या सावलीत, ती थोडा वेळ उभी राहिली. रजिया येणार. मग लगेच दुसरं मनात आलं आणि त्यानं पहिल्याला झाकून टाकलं: मोगरा.

"बुडापासून छाट," उमाबाईंनी सांगितलं. "असं टिपत बसून काय व्हत न्हाई. चार बोटं ठिव आन् बाकी जाळून टाक. फुटंल पुन्यांदा."

"न्हाई फुटला तर?"

"तर न्हाई. डबा मोकळा व्हईल."

ते खरं होतं हे तिला कळत होतं. पण रजिया येणार आणि डब्यात चार खुंट दाखवायचे? हे बघ, तू दिलेलं हे असं ठेवलंय मी? रोज पाणी घातलं आणि एकदाही पाहिलं नाही? नऊ वर्षांत ती किती वेळा मनाशी हे घडवून बसली होती. रजिया जिना चढते. दारात थांबते. सत्यभामा काही बोलत नाही, नुसता हात धरून तिला माळवदावर नेते. मोगरा फुलांनी भरलेला. कधी ते संध्याकाळी घडायचं, कधी सकाळी. वाक्यं बदलायची. कधी रजिया रडायची, कधी सत्यभामा. मग दोघी कठड्याला टेकून बसायच्या आणि सत्यभामा सांगायला लागायची, आणि सांगायचं इतकं होतं की ते घडवताना सुद्धा तिला कधी पुरतं सांगून झालं नव्हतं: शाळेत मोठ्या बाई झाले, उर्दूचे वर्ग बंद झाले तेव्हा फळ्यावरची शेवटची ओळ पुसताना हात थांबला, तापात एकटीनं काढलेले दिवस, भाऊ गेला, आणि यातलं काही नाही तर नुसतं हे, की तुझ्या बांगड्यांचा आवाज मला अजून येतो, पलीकडच्या माळवदावर आता दुसरे लोक आहेत, त्यांनी कठडा डोक्याएवढा वाढवलाय, तरी. हे सगळं सांगताना पाठीशी मोगरा हवा होता. त्याच्याशिवाय ती कोण होती? भाड्याच्या खोलीतली एक पांढऱ्या पातळातली मास्तरीण. तिनं छाटला नाही. लग्न होईपर्यंत तरी तग धरू दे, असं तिनं कुणाला तरी विनवलं. कुणाला ते तिला ठाऊक नव्हतं.

मलेरियाची माणसं तेव्हाच गल्लीत आली. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. घरोघर भिंतींवर डी. डी. टी. मारत ती उमाबाईंकडे पोचली. वर आला तो कोंडीराम नावाचा, येरमाळ्याकडचा. खोलीच्या भिंती पांढऱ्या ओल्या करून झाल्यावर सत्यभामानं त्याला झाड दाखवलं. तो म्हणाला, "बाई, हे भिताडासाठी हाय. झाडाचं मला न्हाई ठावं." पण तिचा चेहरा पाहून त्यानं डब्यावर दोन फवारे मारले. दुपारपर्यंत मुंग्या मेल्या. परातीत काळी साय धरल्यासारख्या तरंगल्या. तिला हायसं वाटलं, ओठांवर चक्क ओवी आली. पण मुंग्यांबरोबर ते लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे इवले किडेही मरून पडले होते, ज्यांना ती कधीमधी पानावर पाहायची आणि ज्यांचं नाव तिला येत नव्हतं. कापसाचे पुंजके मात्र जागचे हलले नव्हते. आठवड्यानं ते दुप्पट झाले. पानांवर औषधाचे पांढरे ओघळ वाळले होते आणि त्यांखाली पानं करपून कडा वळत होत्या. ती टिपत राहिली. डोळ्यांवर ताण यायचा, मान आखडायची. पंचेचाळिशीच्या बाईनं एका झाडासमोर तासन्‌तास उकिडवं बसावं, हे खालून कुणी पाहत असेल का, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि पाहू दे, असंही आलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दर दोन पायऱ्यांना थांबणारी. रजियाची पावलं अशी नव्हती. दारात बुरखा उभा राहिला, पडदा वर गेला, आणि आत एक उतरलेला, ओळखीचा चेहरा होता. केस पांढरे. डोळ्यांखाली काळं. बुरखा काढून तिनं खुंटीला अडकवला. खुंटी कुठं आहे हे तिनं शोधलं नाही, हात आपोआप तिकडे गेला. "पाणी दे गे भामा," ती म्हणाली. भामा अशी हाक सत्यभामाला सगळ्या जगात दुसरं कुणी मारत नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर रजिया चटईवर बसली. लग्न कसं झालं, असं सत्यभामानं विचारलं. चांगलं झालं, रजिया म्हणाली. ऊन फार होतं, म्हणाली. मग म्हणाली, "ह्यांच्या अंगावरून वारं गेलंय. चार वर्षं झाली. डावी बाजू सगळी. गफारला म्हटलं व्हतं, भामाला सांगू नको."

"का?"

"तू काय करणार व्हतीस सांगून? तिथं येणार व्हतीस?"

आले असते, असं सत्यभामाला म्हणावंसं वाटलं, पण ती तर कधी तुळजापूरच्या पुढं गेली नव्हती. ती म्हणाली, "मोगरा आहे अजून."

"कुठला मोगरा?"

हे रजियानं अगदी सहज विचारलं. सत्यभामाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. क्षणभर तिला खोलीतल्या वस्तू लांब गेल्यासारख्या दिसल्या, स्टोव्ह, ट्रंक, भिंतीवरचे औषधाचे ओघळ. मग रजियाच्या कपाळाला आठी पडली, सुटली. "हां, तो. माझ्या डब्यातला. जिता हाय व्हय?" ती हसली, पुढचा एक दात नव्हता. "मला वाटलं, तेव्हाच गेला असंल. तिथं गेल्यावर कशाकशाची याद ठेवू, सांग. बघते हं. जरा पाठ टेकते. गाडीला येळ हाय. तू बोल ना, मी आयकती. तुझ्या शाळेचं..." आणि ती आडवी झाली, हाताची उशी केली. सत्यभामानं शाळेचं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तिच्या लक्षात आलं की श्वासाची लय बदललीय. रजिया झोपली होती.

ती उठेल म्हणून सत्यभामा थांबली. मग पंखा घेऊन वारा घालू लागली. इतक्या वर्षांचं सगळं सांगायचं होतं आणि हाक मारली असती तर रजिया उठलीही असती. पण तोंड किंचित उघडं टाकून, गुडघे पोटाशी घेऊन ती अशी झोपली होती, जसं कुणी बऱ्याच लांबून ओझं आणून एकदाचं खाली टाकावं. हातातल्या बांगड्या आता दोनच होत्या. मनगटाला जुना भाजल्याचा डाग होता, तो ती इथं असताना नव्हता. सत्यभामानं तो डाग पाहिला. डोक्यावरचे केस विरळ झालेत ते पाहिलं. पायांच्या भेगा पाहिल्या. मघाचं, कुठला मोगरा, हे अजून ठसठसत होतं. पण ठसठसता ठसठसता त्यातलं काहीतरी सैल पडत होतं. हिला ते झाड आठवत नव्हतं, आणि खुंटी आठवत होती. वारा घालता घालता तिला रडू आलं, आवाज न होता, आणि आलं तसं थांबलं.

मग ती उठली. ट्रंकेतली मोठी कात्री घेतली आणि माळवदावर गेली. ऊन तापलं होतं. पहिली फांदी कापताना कात्री करकरली, म्हणून तिनं पदराचा बोळा कात्रीच्या खिळ्याशी धरला आणि हलक्या हातानं, एकेक फांदी दोन-तीन दाबांत, कापत गेली. कापलेलं खाली पडू न देता ती जुन्या लुगड्यावर ठेवत होती. चिकट हात केसांना लागत होते, लागू दिले. मध्येच थांबून ती दारातून आत बघायची. रजिया कुशीवर वळली होती, झोपलेलीच होती. पानं गेली, शेंडे गेले, पांढऱ्या बेचक्या गेल्या. डब्यात चार खुंट राहिले, बोटाएवढे. खुंटांच्या सालीवरूनही तिनं साबणाच्या फडक्यानं हात फिरवला. लुगड्याचं गाठोडं बांधून खाली नेलं आणि उमाबाईंच्या न्हाणीच्या चुलीत घातलं. उमाबाई दारात बसून शेवया वळत होत्या. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा शेवया वळायला लागल्या.

गफारचा टांगा आला तेव्हा उन्हं कलली होती. "आपा," खालून हाक आली, आणि रजिया दचकून उठून बसली. "आले, आले, उठवते तुम्हाला," असं काहीतरी उर्दूत पुटपुटली. मग तिला खोली दिसली. सत्यभामा समोर बसली होती. रजियानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मी झोपले? इतकी? उठवलं का न्हाईस गे?"

"झोपली होतीस म्हणून."

"मला बोलायचं व्हतं तुझ्याशी."

"बोल की."

रजिया उठली, बुरखा घ्यायला खुंटीकडे वळली आणि तिथंच उभी राहिली, पाठ करून. "तिथं डोळा लागला की ते हाक मारतात," ती म्हणाली. "मोठ्यानं न्हाई. त्यांची जीभ जड झालीय. पण मला आयकू येतं. कुठंबी असले तरी आयकू येतं. गाडीत बसल्यापासून मी ह्याच खोलीचा इचार करत व्हते. बोलायचा न्हाई. इथं पडायचा." ती वळली. "तुला राग आला?"

"न्हाई."

"तुझे डोळे लाल झालेत."

"तंबाखूचं पाणी मारत होते झाडावर."

तेव्हा रजियाला आठवलं. ती माळवदावर गेली, डब्यापाशी वाकली. चार खुंट पाहून तिनं सत्यभामाकडे मान वळवली. कीड लागली होती, सत्यभामा म्हणाली, छाटला. रजियानं एका खुंटाची साल नखानं जराशी खरवडली, बोट नाकाशी नेलं, हुंगलं. "बरं केलंस," ती म्हणाली. एवढंच. खालून गफारनं पुन्हा हाक मारली. जिन्यात रजियानं सत्यभामाचा हात धरला, पायऱ्या उतरताना आधाराला धरावा तसा, आणि शेवटच्या पायरीनंतरही थोडा वेळ सोडला नाही. हात चिकट होते. मग तिनं पडदा खाली ओढला आणि टांग्यात चढली. टांगा वळेपर्यंत सत्यभामा दारात उभी राहिली. वळल्यावरही राहिली.

वर आली तेव्हा खोलीत अजून उजेड होता. भांडं तिथंच पडलं होतं, तळाशी घोटभर पाणी असलेलं. ते उचलायचं तिनं सोडून दिलं. ती चटईवर बसली, आणि मग रजिया जशी पडली होती तशीच, हाताची उशी करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली. चटई त्या जागी अजून उबदार होती. सत्यभामा हलली नाही. आपल्या अंगाची ऊब त्या उबेत मिसळली, की कुठली कुणाची हे कळणार नाही. म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.